मेलबॉक्सची कीर्द-खतावणी : बिघाड, दुरुस्ती आणि पुनर्प्राप्ती

सोमवारी सकाळी कार्यालय उघडते, संगणक सुरू होतात आणि एकाचाही मेलबॉक्स उघडत नाही. निर्यातदाराचा लेटर ऑफ क्रेडिटविषयीचा पत्रव्यवहार, पुरवठादारांची दरपत्रके, बँकेने पाठविलेले खातेउतारे, सारे सर्व्हरवरील एका फाइलमध्ये अडकलेले असते. अशा वेळी 'ताबडतोब दुरुस्त करा' असा आदेश सुटतो. पुष्कळदा मूळ बिघाडापेक्षा ही घाईच अधिक नुकसान करते. दुरुस्ती आणि पुनर्प्राप्ती या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे ध्यानात न घेतल्याचा तो परिणाम होय.

उदाहरणादाखल अनेक कार्यालयांत वापरला जाणारा मायक्रोसॉफ्टचा एक्स्चेंज सर्व्हर घेऊ. त्यात अनेक कर्मचाऱ्यांचे मेलबॉक्स एकाच डेटाबेस फाइलमध्ये असतात आणि ही फाइल लहान लहान पानांची बनलेली असते. २००३च्या आवृत्तीपर्यंत पान ४ किलोबाइटचे होते, २००७मध्ये ते ८चे व २०१०पासून ३२ किलोबाइटचे झाले. नवे पत्र आले की त्याची नोंद प्रथम लॉग फाइलमध्ये होते. मूळ डेटाबेसमध्ये ती सवडीने उतरते. जुन्या पेढीवरील हिशेबनिसाला ही रीत समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. लॉग म्हणजे रोजकीर्द आणि डेटाबेस म्हणजे खतावणी. कीर्दीतील कोणत्या नोंदीपर्यंत खतावणी झाली याची खूण चेकपॉइंट नावाची एक छोटी फाइल सांभाळते.

वीज अकस्मात गेली म्हणजे खतावणी अर्धवट राहते. ईएसईयूटिल या साधनाने डेटाबेसचा शीर्षभाग वाचला असता 'डर्टी शटडाउन' असा शेरा मिळतो आणि कोणत्या क्रमांकांचे लॉग अद्याप हवे आहेत तेही कळते. हा शेरा पाहून घाबरण्याचे कारण नाही. पुस्तक फाटलेले नसते, फक्त नोंदी चढवावयाच्या राहिलेल्या असतात. हवे ते लॉग जागेवर असतील तर सर्व्हर पुन्हा सुरू होताना ते आपणच वाचतो व खतावणी पूर्ण करतो.

मात्र ते जागेवर असावे लागतात! डिस्क भरली म्हणून सर्व्हर थांबतो आणि 'जुन्या लॉग फाइली कशाला हव्यात' असे म्हणून कोणी तरी त्या पुसून टाकतो, हा प्रमाद आजही घडतो. वास्तविक पूर्ण बॅकअप यशस्वी झाला की गरज संपलेले लॉग यंत्रणा स्वतःच काढून टाकते. लॉग साचत चालले असतील तर बॅकअप होत नाही, असाच त्याचा अर्थ बहुधा असतो. हाताने पुसलेला एखादा लॉग नेमका हवा असलेला निघाला, तर सहज भरून आला असता असा बिघाड गंभीर होऊन बसतो.

दुसरा प्रकार खरोखरीच्या फाटलेल्या पानाचा. प्रत्येक पानावर चेकसम, म्हणजे पानाखाली मांडलेल्या बेरजेसारखा एक आकडा असतो. वाचताना तो जुळला नाही की उणे १०१८ या क्रमांकाची त्रुटी नोंदली जाते. दोष बहुतांशी डिस्क, तिचा कंट्रोलर किंवा त्यांचे सॉफ्टवेअर यांत असतो. म्हणून तो शोधून दूर केल्याविना केलेली दुरुस्ती व्यर्थ जाते. येथे उत्तम उपाय म्हणजे शेवटचा चांगला बॅकअप परत आणून त्यावर तेव्हापासूनचे सर्व लॉग चढविणे. लॉगची साखळी अखंड असेल, तर बिघाडाच्या क्षणापर्यंतचे पत्रन्‌पत्र मिळू शकते. मधला एकच लॉग नसेल, तर त्यापुढचे सारे निरुपयोगी ठरतात. लॉग आणि डेटाबेस वेगवेगळ्या डिस्कवर ठेवावेत असे सांगितले जाते ते यासाठीच.

बॅकअपही नाही आणि लॉगही नाहीत, तेव्हाच ईएसईयूटिलचा '/पी' हा पर्याय उरतो. त्याचे नाव दुरुस्ती. कृती मात्र न वाचता येणारी पाने टाकून देऊन उरलेल्यांचे पुस्तक पुन्हा बांधण्याची आहे. टाकलेल्या पानांत कोणाची पत्रे होती हे तो सांगत नाही आणि त्यानंतर जुने लॉग त्या डेटाबेसवर चढविता येत नाहीत. म्हणून आधी मूळ फाइलची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्यावी, आणि दुरुस्तीनंतर सारे मेलबॉक्स नव्या डेटाबेसमध्ये हलवावेत.

एकाच व्यक्तीच्या मेलबॉक्समध्ये फोल्डरची मोजदाद चुकते किंवा पत्रांची यादी नीट दिसत नाही, अशा किरकोळ तक्रारींसाठी इतके करण्याची गरज नसते. एक्स्चेंज २०१०च्या पहिल्या सर्व्हिस पॅकपासून एकाच मेलबॉक्सची तपासणी डेटाबेस बंद न करता होऊ शकते. लिनक्सवरील डव्हकॉट सर्व्हरवर तर पत्रे सुस्थितीत असून केवळ त्यांची सूची बिघडल्याचे अनेकदा आढळते. सूची नव्याने तयार केली की काम भागते.

अनेक प्रती ठेवल्या की बॅकअप कशाला, असेही विचारले जाते. एक्स्चेंज २०१०पासून एका डेटाबेसच्या १६पर्यंत प्रती वेगवेगळ्या सर्व्हरांवर ठेवता येतात व एकीचे बिघडलेले पान दुसरीवरून भरून घेता येते. पण २७ फेब्रुवारी २०११ रोजी जीमेलच्या काही ग्राहकांना आपले मेलबॉक्स रिकामे आढळले. साठवणुकीच्या सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीतील दोष एकाहून अधिक प्रतींना भोवला होता. गूगलच्या अंदाजानुसार बाधित ग्राहक सुमारे ०.०२ टक्के होते. त्यांची पत्रे अखेर परत आली ती चुंबकीय टेपवरून. टेप जोडणीबाहेर असल्यामुळे तो दोष तिच्यापर्यंत पोहोचलाच नव्हता. टेपवरून वाचण्यास वेळ लागला, परंतु पत्रे मिळाली.

व्यवहार थांबलेला असताना इतका वेळ कोणी द्यावा, ही व्यापाऱ्याची अडचण खरी आहे. तिच्यावरही तोड आहे. सर्व्हरवर प्रथम रिकामा डेटाबेस उघडून प्रत्येकाला कोरा मेलबॉक्स द्यावा. नवी पत्रे त्यात येऊ-जाऊ लागतात. दरम्यान बॅकअपमधील जुना डेटाबेस बाजूला उभा करून त्यावर लॉग चढविले जातात आणि मग एकेका मेलबॉक्समधील जुनी पत्रे नव्यात मिळविली जातात. निर्यातदाराला दुपारची नवी पत्रे दुपारीच मिळतात; गेल्या वर्षीची कदाचित बुधवारी.