एका संख्येचे अंतरंग

छत्रपती संभाजीनगरहून मुंबईस रेल्वेने जाताना मनमाड व नाशिकरोड मागे पडल्यावर देवळाली स्थानक लागते. या गावी दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) शाळेत शिक्षक होते. पदव्युत्तर शिक्षण नसलेल्या या गणितप्रेमी शिक्षकाचा संख्याभ्यास काही विद्वानांना क्षुल्लक वाटे. पुढे १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात त्यांच्याविषयी लिहिले आणि त्यांचे नाव जगभर पोहोचले. त्यांनी अभ्यासलेले दोन गुणधर्म आपण १४२८५७ या संख्येत तपासू.

प्रथम मूळ अवयव पाडू : १४२८५७ = ३ × ३ × ३ × ११ × १३ × ३७. अर्थात ही संयुक्त संख्या होय.

ज्या संख्येस तिच्याच अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जातो, तिला कापरेकरांनी 'हर्षद', म्हणजे हर्ष देणारी, असे नाव दिले. येथे अंकांची बेरीज २७; आणि १४२८५७ ÷ २७ = ५२९१. म्हणून ही संख्या हर्षद आहे.

आता तिचा वर्ग करा : २०४०८१२२४४९. उजवीकडील सहा अंक वेगळे काढून दोन्ही भागांची बेरीज केल्यास,

२०४०८ + १२२४४९ = १४२८५७.

मूळ संख्या परत आली! अशा संख्येस 'कापरेकर संख्या' म्हणतात.

हा निव्वळ योगायोग आहे काय? अवयवांकडे पाहा. १४२८५७ × ७ = ९९९९९९. तिच्या लगतची मागील संख्या १४२८५६ = ७ × २०४०८. म्हणून

१४२८५७ × १४२८५६ = ९९९९९९ × २०४०८.

या गुणाकारात १४२८५७ मिळवले की वर्ग मिळतो. परंतु ९९९९९९ म्हणजे दहा लक्ष वजा एक. म्हणून

वर्ग = २०४०८ × १०००००० + (१४२८५७ − २०४०८).

कंसातील वजाबाकी १२२४४९ येते. मूळ संख्येतून जेवढे वजा झाले, तेवढेच डावीकडे जाऊन बसले. मग बेरजेत मूळ संख्या परत येणारच!

आकडेमोडीने 'काय घडते' ते दिसले. अवयवांनी 'का घडते' ते सांगितले. क्षुल्लक वाटणाऱ्या खेळातून गणित उभे राहते ते या दुसऱ्या प्रश्नामुळे.

विद्यार्थ्यांनी ४५ व २९७ या संख्या स्वतः पडताळाव्यात. दोन्ही कापरेकर संख्या आहेत. मात्र त्यांपैकी एकच हर्षद आहे. ती कोणती?