किट घेण्याआधी

चि. सोनूस,


लेकासाठी रोबोटिक्सचं किट घ्यावं की क्लास लावावा, असं विचारलंस. किट घे, माझी ना नाही. पण पुस्तिकेत सांगितल्याबरहुकूम तुकडे जोडले, गाडी पळाली, की दुसऱ्या आठवड्यात ते माळ्यावर जातं, हे मी पुष्कळ घरांत पाहिलंय. आणि तुमच्या भाईंदरला तर मोठा कारखाना उघड्यावर पसरलाय. लोकलमधून मिठागरं दिसतात ना? ती इतकी उथळ का, हे त्याला कधी विचारलंस?

पाऊस सरला की उत्तनहून लिटरभर समुद्राचं पाणी आणा. खाडीचं नको, फार घाण असतं. आणि हेही चाखायचं नाही. फडक्यातून गाळून अर्धं प्लास्टिकच्या परातीत, अर्धं उभ्या बरणीत ओता आणि गच्चीवर ठेवा. आधी काय आटेल, ते त्याने अगोदर वहीत लिहायचं. परात का जिंकली हे उमगलं, की मिठागराचं निम्मं इंजिनिअरिंग उमगलं.

मग परातीतलं मीठ तोला. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात, म्हणजे इथे सतराएक ग्रॅम निघायला हवेत. तुमचा काटा बहुधा जास्त दाखवील, कारण ते मीठ चिकचिकतच राहील. त्यातले मॅग्नेशियमचे क्षार हवेतला ओलावा ओढतात. मिठागरात आधी जिप्सम बसतं, मग मीठ धरतं आणि उरलेलं कडवट पाणी काढून टाकतात. तुमच्या परातीत सगळी सरमिसळ.

पण हे त्याला सांगू नकोस! पोराचा प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर देण्याची तुझी खोड मला ठाऊक आहे. ‘तुला काय वाटतं?’ एवढंच विचार आणि चार दिवस गप्प बस. कदाचित तो थोडं मीठ डबीत बंद करून ठेवील, थोडं उघडं, आणि दोन्ही पुन्हा तोलील. चुकीचा अंदाज खोडू देऊ नकोस, वहीत राहू दे.

असंच हातांनी करून शिकायला लावणारे अरविंद गुप्ता हे आयआयटी कानपूरचे इंजिनिअर. पुण्याला आयुका या खगोलविज्ञान संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी पोरांना टाकाऊ वस्तूंची खेळणी करायला लावली. आगकाड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब एवढ्यावर त्यांची भूमिती उभी राहते. त्यांच्या मराठी फिती फुकट बघायला मिळतात, त्या दाखव.

किट त्यानंतर, आणि ओलावा मोजणारा सेन्सर असलेलं बघ. तो कशाला लागतो, हे तोवर त्याला कळलेलं असेल.

पाणी आणायला ओहोटीला जा. भरतीत पोराला खडकांवर नेऊ नकोस.

तुझा,
मामा