सिंहगड, आजी आणि तीन लाख ज्यूल

पुण्याच्या आसपास राहणाऱ्या कुटुंबाने एक दिवस सहलीला जायचे ठरवले, की पहिले नाव निघते ते सिंहगडाचे. सकाळी स्वारगेटहून बस पकडावी, पायथ्याच्या आतकरवाडीत उतरावे, पायवाटेने गड चढावा, वर पिठले-भाकरी आणि मडक्यातले दही खावे, तानाजी मालुसऱ्यांच्या समाधीचे दर्शन घ्यावे आणि संध्याकाळपर्यंत घरी यावे. तुमच्यापैकी अनेकांनी हे केले असेल. या ओळखीच्या चढणीत पदार्थविज्ञानाचा एक धडा लपलेला आहे. मी तो वर्गात वर्षानुवर्षे शिकवत होतो, पण मला स्वतःला तो पुरता समजला एका ऑक्टोबर महिन्यात, सिंहगडाच्या वाटेवर.

त्या दिवशी आम्ही पाच जण होतो. मी, माझी पत्नी, धाकटी मुलगी, नववीत शिकणारा भाचा आणि माझी आई, म्हणजे भाच्याची आजी. आईचे वय अडुसष्ट. योगायोग असा, की आजी आणि नातू या दोघांचेही वजन पन्नास किलोच्या आसपास.

पायथ्याशी मी प्रत्येकाच्या हातात पाण्याची एक लिटरची बाटली दिली. भाच्याने ती परत केली आणि म्हणाला, "मामा, एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वस्तुमान. ते सहाशे मीटर वर न्यायचे म्हणजे सहा हजार ज्यूल फुकट खर्च. मी पंचेचाळीस मिनिटांत वर जातो आणि तिथेच ताक पितो."

हिशेब बिनचूक होता. मी खूष होऊन "शाबास!" म्हणालो. आई मात्र म्हणाली, "अरे, गड कुठे पळून जातोय का?" पण तोवर स्वारी पहिल्या वळणाआड गेलीसुद्धा.

पहिली ओळ

आता हे गणित आपणही करू. सिंहगडाचा माथा समुद्रसपाटीपासून सुमारे १३०० मीटर उंच आहे. पायथ्यापासून पायवाटेने जी उंची चढावी लागते, ती साधारण ६०० मीटर धरू. हिशेब सोपा व्हावा म्हणून गुरुत्वत्वरण १० घेऊ.

कार्य = वस्तुमान × गुरुत्वत्वरण × उंची
= ५० × १० × ६०० = ३,००,००० ज्यूल

तीन लाख ज्यूल! आकडा केवढा मोठा वाटतो, नाही? पण एक ग्रॅम साखरेपासून शरीराला सुमारे १७,००० ज्यूल ऊर्जा मिळते. म्हणजे तीन लाख ज्यूल मिळवायला साधारण अठरा ग्रॅम, चहाचे चार चमचे साखर पुरे. एवढ्यावर जर गड चढता येत असेल, तर माणसे धापा का टाकतात?

शिवाय हे कार्य आजीचे आणि नातवाचे सारखेच. दोघांचे वजन तेवढेच, उंचीही तेवढीच. एक पंचेचाळीस मिनिटांत जावो, दुसरी अडीच तासांत. सूत्रात वेळेला जागाच नाही. वर्गात मी इथवर येऊन खडू खाली ठेवत असे. खरी गोष्ट इथून पुढे सुरू होते.

दुसरी ओळ

आपले स्नायू हे एक प्रकारचे इंजिन आहे. कोणत्याही इंजिनाप्रमाणे तेही सगळ्या इंधनाचे कार्य करून देत नाही. चढ चढताना स्नायूंची कार्यक्षमता ढोबळपणे २० टक्के धरता येते. म्हणजे तीन लाख ज्यूल कार्य व्हावे म्हणून शरीराला पंधरा लाख ज्यूल ऊर्जा खर्च करावी लागते. उरलेले बारा लाख ज्यूल कुठे जातात? त्यांची उष्णता होते आणि ती तुमच्या अंगातच निर्माण होते.

समजा, ही उष्णता बाहेर पडलीच नाही, तर? एक किलो शरीराचे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढवायला सुमारे ३,५०० ज्यूल लागतात. पन्नास किलोला लागतील १,७५,०००. बारा लाखांना या संख्येने भागा. उत्तर येते जवळजवळ सात! म्हणजे ३७ अंशांवरचे शरीर गडावर पोहोचेपर्यंत ४४ अंशांवर जाईल. आपल्याला तर ४० अंशांचा ताप आला, की घरात धावपळ सुरू होते. ४४ अंशांवर माणूस जगणे कठीण.

तरीही रोज शेकडो माणसे गड चढतात आणि हसत खाली येतात. त्यांना कोण वाचवते?

चालता माठ

गडावरच्या एखाद्या झोपडीत ठेवलेला पाण्याचा माठ पाहा. बाहेरून तो ओलसर असतो. मातीच्या बारीक छिद्रांतून पाणी झिरपते, त्याची वाफ होते आणि वाफ होण्यासाठी लागणारा अप्रकट उष्मा ती माठातल्या पाण्यातूनच घेते. म्हणून पाणी गार राहते. आपली त्वचा नेमके हेच करते. माणूस म्हणजे एक चालता माठच!

त्वचेच्या तापमानाला एक किलो घामाची वाफ व्हायला सुमारे २४ लाख ज्यूल लागतात. आपल्याला बाहेर टाकायचे आहेत बारा लाख. म्हणजे अर्धा लिटर घाम वाळला, की काम झाले. प्रत्यक्षात घाम याहून जास्त येतो, कारण बराचसा घाम वाफ न होताच ठिबकून जातो, आणि ठिबकलेला घाम थंडावा देत नाही.

आता माझ्या भाच्याचे गणित पुन्हा तपासा. एक लिटर पाणी वर नेण्याचे कार्य सहा हजार ज्यूल. पण तेच पाणी पिऊन त्याचा घाम झाला आणि तो वाळला, तर ते शरीरातून चोवीस लाख ज्यूल उष्णता घेऊन जाते. म्हणजे चारशे पट! त्याने सहा हजार वाचवले आणि चोवीस लाखांची सोय पायथ्याशी सोडून दिली. आणि मी, पदार्थविज्ञानाचा प्राध्यापक, त्याला शाबासकी दिली.

वेळेचा प्रश्न

उष्णता तेवढीच, मग आजीला त्रास का झाला नाही? इथे वेळ महत्त्वाची ठरते. कार्याला वेळेने भागले की शक्ती मिळते. बारा लाख ज्यूल उष्णता पंचेचाळीस मिनिटांत, म्हणजे २,७०० सेकंदांत निर्माण झाली, तर तो वेग सुमारे ४४४ वॉट होतो. तीच अडीच तासांत, म्हणजे ९,००० सेकंदांत झाली, तर सुमारे १३३ वॉट. नातवाच्या अंगात लहानशी शेगडी पेटली होती. आजीच्या अंगात विजेचा एक मोठा दिवा.

सौम्य हवेत अंगातली काही उष्णता आपोआप भोवतालच्या हवेत जाते. पण ऑक्टोबरच्या उन्हात कातळ तापलेला असतो आणि हवा त्वचेइतकीच गरम झालेली असते. तेव्हा तो मार्ग बंद होतो आणि उरतो एकच, घामाचा. घामासाठी पाणी लागते आणि वाफ होण्यासाठी वेळ. आजीकडे दोन्ही होते. ती वीस-पंचवीस पावले चालायची, थांबायची, दोन घोट पाणी प्यायची आणि नातीला झाडांची नावे सांगायची. तिला चालताना बोलता येत होते, ही गोष्ट लक्षात ठेवा. स्नायूंना लागणारा प्राणवायू फुफ्फुसे आणि हृदय सहज पुरवू शकतात, तोवरच माणूस चालता चालता बोलू शकतो. वाक्य तुटू लागले, की वेग कमी करावा. याहून स्वस्त आणि भरवशाचे मोजमाप नाही.

भाचा आम्हाला भेटला तो दोन-तृतीयांश चढ संपल्यावर, एका झुडपाच्या तोकड्या सावलीत. चेहरा पांढरा पडलेला, डोके धरलेले, मळमळ होत होती. त्याने मला विचारले, "मामा, आजी आली का?" आणि थोड्याच वेळाने पुन्हा तेच विचारले. आजी त्याच्या समोरच उभी होती. त्या क्षणी माझ्या पोटात गोळा आला.

आईने पदर ओला करून त्याच्या मानेवर आणि कपाळावर ठेवला. पत्नीने टोपीने वारा घातला. वाटेवरच्या सरबतवाल्याकडून मीठ घातलेले लिंबूसरबत आणून मी त्याला घोट घोट पाजले. घामातून पाण्याबरोबर मीठही जाते, म्हणून मीठ हवेच. ओले कापड आणि वारा म्हणजे तरी काय? त्याचा घाम पुरेना, तेव्हा आम्ही बाहेरून पाणी देऊन बाष्पीभवन चालू ठेवले. अर्ध्या तासाने तो नीट बोलू लागला. आम्ही तिथूनच खाली उतरलो. गड तेवढ्यापुरता राहिला, आणि त्याचे कोणालाच वाईट वाटले नाही.

इथे एक सूचना नीट वाचा. उन्हात चढताना कोणी असंबद्ध बोलू लागला, तोल जाऊ लागला किंवा शुद्ध हरपली, तर 'थोडा बसला की बरा होईल' असे म्हणत थांबू नका. त्याला सावलीत घ्या, अंग ओले करा, वारा घाला आणि १०८ या क्रमांकावर फोन करून ताबडतोब वैद्यकीय मदत मागवा. शुद्धीत नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका.

उतरतानाचे काय?

चढताना मिळवलेली तीन लाख ज्यूल स्थितिज ऊर्जा उतरताना परत मिळत असेल, असे वाटते ना? ती मिळत नाही. प्रत्येक पावलाला मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच जोर लावून शरीराला आवरतात. ते ब्रेकचे काम करतात आणि ती ऊर्जाही शेवटी उष्णताच होते. धाप कमी लागते, पण पाय लटपटतात आणि दुसऱ्या दिवशी मांड्या दुखतात. म्हणून उतारावर धावू नये. पाणीही थोडे राखून ठेवावे.

पुढे डिसेंबरात आम्ही पुन्हा गेलो. पहाटे निघालो आणि आजीच्या वेगाने चढलो. भाच्याच्या पाठीवर दोन बाटल्या होत्या, एक स्वतःची आणि एक आजीची. पुणे दरवाजातून आत शिरताना गार वारा अंगावर आला. नंतर पिठले-भाकरी, कांदाभजी आणि दही असे जेवण झाले. त्यातून मिळालेली ऊर्जा खर्च झालेल्या पंधरा लाख ज्यूलपेक्षा नक्कीच जास्त होती, पण तो हिशेब त्या दिवशी कोणी केला नाही.

करून पाहा

१. शाळेच्या जिन्याच्या एका पायरीची उंची पट्टीने मोजा आणि पायऱ्या मोजून एकूण उंची काढा. प्रथम सावकाश, मग जरा भरभर (पण न धावता) चढा. मित्राला वेळ मोजायला सांगा. दोन्ही वेळचे कार्य आणि शक्ती काढा. दम्याचा किंवा हृदयाचा त्रास असलेल्याने घड्याळ सांभाळावे.

२. दोन सारखे तापमापक घ्या. एकाच्या फुग्याभोवती ओले सुती कापड गुंडाळा आणि दोन्ही पंख्याच्या वाऱ्यात ठेवा. तापमानांतला फरक मे महिन्यात आणि जुलै महिन्यात मोजा. फरक कमी येईल त्या महिन्यात घाम सहज वाळेल का?

विचार करा

१. ६० किलो वजनाचे वडील ५ किलोची पिशवी घेऊन ६०० मीटर चढले. त्यांनी किती कार्य केले? त्यांच्या अंगात किती उष्णता निर्माण झाली?

२. घाम आला की लगेच टॉवेलने पुसणारा आणि तो वाऱ्यावर वाळू देणारा, यांपैकी कोणाला जास्त थंडावा मिळेल?

३. घाटरस्त्याने मोटारीतून गडावर गेलेल्या माणसाची स्थितिज ऊर्जाही तेवढीच वाढते. ती कोणी पुरवली?