खाटेएवढा वाफा

मॉरिशसच्या पश्चिमेला कास्कावेल नावाचे गाव आहे. या गावात बरीच मराठी कुटुंबे राहतात. त्यांपैकी एका घरामागे मोठी परसबाग होती. आजोबा होते तोवर तिथे भाजी पिकत असे. ते गेले आणि परसाकडे कोणी फिरकेना. मग २०२४ च्या जानेवारीत बेलाल चक्रीवादळ आले. पपईचे झाड आडवे झाले. कुठून कुठून पत्र्याचे तुकडे उडून आले. पावसाने गवत माजले. मे महिन्यात ती जागा ओळखू येत नव्हती. छातीएवढे गवत, मध्येच अकासियाची झुडपे, जुने टायर आणि एक फुटकी बादली!

एके दिवशी बाबा म्हणाले, "इथे सिमेंट घालून टाकू. गाडी ठेवायला जागा होईल."

आजी काही बोलली नाही. रात्री जेवताना मात्र तिने विचारले, "मला गणेश चतुर्थीपर्यंत वेळ देशील? तोवर तिथे काही पिकले नाही, तर खुशाल घाल सिमेंट."

"आई, तुझे गुडघे दुखतात. काम कोण करणार?"

"आम्ही!" ताई आणि तिचा धाकटा भाऊ एकदम म्हणाले. दोघांनी आजवर साध्या कुंडीतही काही लावले नव्हते.

बाबांनी कोयत्याने गवत कापून दिले. शनिवारी सकाळी दोघे फावडे घेऊन निघाले. सगळी जागा एका दिवसात खणायची, असा त्यांचा बेत होता. आजी म्हणाली, "थांबा. आधी नुसते फिरून बघा. काय काय आहे ते मला सांगा."

दोघे फिरले. कोपऱ्यात शेवग्याचे झाड अजून उभे होते. त्याच्या पाल्याला आपण ब्रेद मुरूम म्हणतो. भिंतीजवळ कढीपत्ता होता. टायरमध्ये पावसाचे पाणी साचले होते आणि त्यात काहीतरी वळवळत होते.

हे ऐकताच आजी उठली. "त्या डासांच्या अळ्या! ते पाणी आधी ओता."

मुलांनो, २००६ साली मॉरिशसमध्ये चिकुनगुनियाची मोठी साथ आली होती. तो ताप डासांमुळे पसरतो. आजीचे गुडघे तेव्हापासूनच दुखत होते.

टायर गेले. मग आजीने चार काठ्या दिल्या. "खाटेएवढी जागा आखा. तेवढीच खणा."

"एवढीशीच?" धाकटा हिरमुसला.

"एवढीशीच. उरलेल्या जागेवर पुठ्ठे अंथरा. ऊन मिळाले नाही, की गवत मरते."

खणायला लागताच फावडे खण्‌कन वाजले. दगड! आपले बेट ज्वालामुखीतून तयार झाले आहे. म्हणून मातीत जिकडे तिकडे काळे दगड सापडतात. उसाच्या शेतात त्यांचे ढीग तुम्ही पाहिलेच असतील. दोघांनी दगड काढून वाफ्याच्या कडेला रचले.

दगडांपेक्षा हट्टी निघाला लव्हाळा. हे गवत वरून ओढले, की पाने हाती येतात. पण मातीत कांद्यासारख्या बारीक गाठी राहतात. आठ दिवसांत पुन्हा पाने वर! खुरप्याने खोल उकरून एक-एक गाठ वेचावी लागली. पुस्तकात 'जमीन स्वच्छ करावी' असे तीन शब्द असतात. खाटेएवढ्या जागेला त्या तीन शब्दांसाठी चार शनिवार लागले.

कडेचे एक बारीक गवत ताई उपटणार, इतक्यात आजी म्हणाली, "ते राहू दे. ती दुर्वा आहे. गणपतीला लागेल."

जून आला. महाराष्ट्रात जूनमध्ये पावसाळा सुरू होतो. आपल्याकडे तेव्हा हिवाळा असतो. तिकडच्या पेरणीचे महिने इथे चालत नाहीत. आपला हिवाळा थंड आणि कोरडा असतो. पुष्कळ भाज्यांना तो मानवतो. दोघांनी मातीत शेणखत मिसळले. मुळा आणि कोथिंबीर पेरली. टोमॅटोची १२ रोपे लावली.

तिसऱ्या दिवशी सकाळी पाहतात तो १२ पैकी ७ रोपे नाहीशी! फक्त देठ उरले होते. मातीवर चांदीसारख्या चकचकीत रेघा होत्या.

"कुर्पा!" आजी म्हणाली. कुर्पा म्हणजे मोठी गोगलगाय. ती दिवसा लपते आणि रात्री खाते. "तुमच्या पुठ्ठ्यांखाली ओलावा असतो. तिथेच त्यांचे घर झाले आहे."

धाकट्याला रडू आले. त्या रात्री बाबा स्वतः टॉर्च घेऊन आले. ताईने हातात प्लॅस्टिकची पिशवी घातली आणि गोगलगायी वेचून मिठाच्या पाण्यात टाकल्या. गोगलगायीला उघडा हात कधी लावू नये. तिच्यातून रोग होऊ शकतो. पहिल्या रात्री २३ सापडल्या, दुसऱ्या रात्री ११. पुठ्ठे वाफ्यापासून हातभर मागे सरकवले आणि रोज सकाळी ते उलटून पाहायचे ठरले. उरलेली ५ रोपे वाचली.

कास्कावेलचा भाग कोरडा आहे. पाणी जपून वापरावे लागते. आई तांदूळ धुतलेले पाणी ओतून देत नसे. ते बादलीत साठवी. संध्याकाळी दोघे ते आळीपाळीने रोपांना घालत.

जुलैत मुळे निघाले. काही सरळ, काही दगडाला अडून वाकडे झालेले. धाकट्याने सर्वांत वाकडा मुळा शेजारच्या काकूंना नेऊन दाखवला. ऑगस्टमध्ये टोमॅटोला फुले आली आणि मग हिरवी फळे. ती काही केल्या लाल होईनात. ताई रोज मोजत असे. गणेश चतुर्थीच्या आदल्या दिवशी झाडांवर १९ टोमॅटो होते. त्यांतले ४ लाल होते.

चतुर्थीला ताईने वाफ्याच्या कडेच्या २१ दुर्वा खुडून आणल्या. आजीने चार टोमॅटोंची कोथिंबीर घालून चटणी केली. बाबांनी ती दोनदा मागून घेतली. सिमेंटचा विषय कोणी काढला नाही.

पुढच्या आठवड्यात बाबांनी सिमेंट आणलेच. धाकटा धावत बाहेर आला. पाहतो तर फक्त तीन पोती!

"एवढ्यात काय होणार?" त्याने विचारले.

"फाटकापासून नळापर्यंत पायवाट," बाबा म्हणाले. "पावसाळ्यात आजीचा पाय घसरायला नको."

पलीकडे ताईने एक पुठ्ठा उचलला होता. खालची माती मऊ आणि काळी झाली होती. ती दुसऱ्या वाफ्यासाठी काठ्या रोवत होती.

स्वाध्याय

१. आजीने टायरमधले पाणी आधी का ओतायला सांगितले?
२. पुठ्ठ्यांचा कोणता फायदा झाला? कोणता त्रास झाला?
३. चार शनिवार कोणत्या कामात गेले?
४. तुमच्या घराभोवती फिरा. तिथे उगवलेल्या पाच झाडांची नावे आजी-आजोबांना विचारून मराठीत आणि क्रिओलमध्ये लिहा.