शौच आणि स्थैर्य : आजारपणातली साधना

आजचं चिंतन : भगवद्गीता, अध्याय १३, श्लोक ७ व ८



ज्ञान म्हणजे काय हे सांगताना भगवंत इथे गुणांची यादी देतात. त्यात 'शौच' आहे, लगेच पुढे 'स्थैर्य' आहे. आणि पुढच्याच श्लोकात जन्म, मृत्यू, म्हातारपण आणि व्याधी यांतलं दुःख डोळे उघडे ठेवून पाहायला सांगितलंय. म्हणजे आजारपण आलं म्हणून साधना थांबत नाही, तोही साधनेचाच भाग आहे.

आमच्या हरिपाठाच्या ग्रुपमधल्या एका काकांना मोठ्या आतड्याचा कॅन्सर झालाय, चौथी स्टेज. ऑपरेशन करून कोलोस्टॉमी केली. म्हणजे आतड्याचं तोंड पोटावर काढतात, त्याला स्टोमा म्हणतात, आणि मल तिथे चिकटवलेल्या पिशवीत जमा होतो. घरी आल्यावर काकांनी काकूंना विचारलं, "आता मी देवाला हात लावायचा की नाही?" दुखण्यापेक्षा हा प्रश्न त्यांना जास्त छळत होता.

खरं तर मल आपल्या सगळ्यांच्याच पोटात असतो. देवघरात जाताना तो कोणी बाहेर ठेवून जात नाही. काकांची फक्त वाट बदललीय. शंकराचार्य शौचाचे दोन भाग सांगतात : शरीराचा मळ माती-पाण्याने धुवायचा आणि मनाचा मळ त्याच्या विरुद्ध भावनेने घालवायचा. काकांची पिशवी पाण्याने साफ होते. पण आपल्या चेहऱ्यावर किळस उमटली, तर ती धुवायचं काम आपलं आहे. गाडगेबाबा दिवसा गाव झाडायचे आणि रात्री कीर्तन करायचे. त्यांच्यासाठी ही दोन कामं वेगळी नव्हती.

मग अशा घरासाठी आपण काय करू शकतो?

१. शिकून घ्या. घरातल्या निदान दोघांनी स्टोमा नर्सकडून पिशवी बदलायला शिकावं. पिशवी अर्धी भरायच्या आत रिकामी करा. भोवतीची त्वचा साध्या कोमट पाण्याने पुसा, तेलकट क्रीम नको. स्टोमा लालसर, ओलसर दिसणं नॉर्मल आहे. तो काळपट-जांभळा पडला, किंवा मल येणं थांबून पोट दुखलं, उलट्या झाल्या, तर लगेच डॉक्टरांना गाठा.

२. पाळ्या लावा. ऑफिसात ऑन-कॉल रोटेशन असतं ना, तसंच. केमोला सोबत कोण, डबा कोणाचा, रात्री कोण थांबणार. "काही लागलं तर सांगा" म्हटलं की कोणीच काही सांगत नाही. त्यापेक्षा "गुरुवारी मी येतोय" म्हणा.

३. काकूंकडे बघा. सेवा करणाऱ्यालाही झोप लागते, रडायला जागा लागते. 'स्थैर्य' एकट्या माणसाकडून मागू नका, ते सगळ्यांनी मिळून द्यायचं असतं.

४. खोटा धीर देऊ नका. चौथ्या स्टेजला "ठणठणीत व्हाल" म्हणण्यापेक्षा शेजारी बसून हरिपाठ म्हणा. त्यांना बोलायचं असेल तर ऐका, मृत्यूबद्दल असलं तरी.

आजचा संकल्प : ओळखीतल्या एका आजारी माणसाच्या घरी फोन करायचा आणि एक ठरावीक काम अंगावर घ्यायचं. आज नामस्मरण करताना त्या घरातल्या प्रत्येकाचं नाव मनात आणू या.

राम कृष्ण हरी!