माती परीक्षणाचा कागद आणि सातवीचं गणित : टोमॅटोच्या खताचा हिशोब



आपला पाटोदा तालुका बालाघाटच्या डोंगररांगेत. मांजरा नदी इथेच उगम पावते. माळावर हलकी-मुरमाड जमीन, ओढ्याकाठी काळी. एकाच गावात मातीचे दोन-तीन प्रकार सापडतात. तरीही टोमॅटो लावताना "शेजाऱ्यानं किती गोण्या टाकल्या?" हेच आधी विचारलं जातं.

19 फेब्रुवारी 2015 रोजी देशात मृदा आरोग्य पत्रिका योजना सुरू झाली. या पत्रिकेत सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश असे 12 घटक असतात. पण आकड्यांवरून गोण्या कशा काढायच्या हे कळलं नाही, तर तो कागद घडी घालूनच राहतो. हे गणित म्हणजे साधी शेकडेवारी आहे. सातवीच्या मुलाला ते सहज जमतं.

कृती 1 : नमुना घेणे

खत टाकण्याआधी शेतात नागमोडी चालत 10-12 ठिकाणं निवडा. बांध, झाडाखालची जागा, उकिरडा टाळा. वरचा काडीकचरा बाजूला करून वीतभर खोल खड्डा घ्या आणि त्याच्या कडेची माती काढा. सगळी माती मिसळून चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाकून द्या. अर्धा किलो उरेपर्यंत असंच करा. माती सावलीत वाळवा. खताची रिकामी पिशवी मात्र वापरू नका. माळाचा आणि काळ्या रानाचा नमुना वेगळा हवा.

कृती 2 : उदाहरण सोडवणे

संकरित टोमॅटोची सर्वसाधारण शिफारस : हेक्टरी 300 किलो नत्र, 150 किलो स्फुरद, 150 किलो पालाश. एकरासाठी 2.5 ने भागा : 120, 60, 60.

समजा, अहवालात नत्र कमी, स्फुरद मध्यम, पालाश जास्त आहे. ढोबळ नियम असा : कमी असेल तर 25 टक्के वाढवा, मध्यम असेल तर तेवढंच ठेवा, जास्त असेल तर 25 टक्के घटवा.

- नत्र 150 किलो. युरियात 46 टक्के नत्र. 150 ÷ 0.46 = सुमारे 326 किलो, म्हणजे 45 किलोच्या सव्वासात गोण्या.
- स्फुरद 60 किलो. सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये 16 टक्के. 375 किलो, म्हणजे 50 किलोच्या साडेसात गोण्या.
- पालाश 45 किलो. म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये 60 टक्के. 75 किलो, म्हणजे दीड गोणी.

अहवाल नसता तर पोटॅश दोन गोण्या गेलं असतं. अर्धी गोणी इथेच वाचली! शिवाय सव्वा, साडे, दीड यांचा सरावही झाला.

चर्चेसाठी प्रश्न

1. सगळा युरिया एकदम का देऊ नये? (नत्र पाण्याबरोबर वाहून जातं, म्हणून हप्त्यांनी देतात. जास्त झालं तर झाड नुसतं पानांनी माजतं, फळ कमी धरतं.)
2. जमिनीत लोह असूनही शेंड्याची पानं पिवळी का पडतात? (चुनखडीच्या, जास्त सामूच्या जमिनीत ते मुळांना मिळत नाही.)

पालकहो, पत्रिका घरी असेल तर मुलांकडून हे गणित करून घ्या, आणि खत टाकण्याआधी तो हिशोब कृषी सहायकांना दाखवा. शेणखत किती टाकलं, ठिबक आहे का, यावरून ते आकडा बदलून देतील. मुलांनी मांडलेला हिशोब घरात खरोखर वापरला गेला, तर शेकडेवारी पुन्हा शिकवावी लागणार नाही.