बायोडाट्यात आपला धंदा कसा मांडाल?

मैत्रिणींनो, बायोडाटा म्हटलं की आपल्याला आधी लग्नाचाच आठवतो. उंची, रास, नाडी, मामाचं गाव. इथे आपण कामासाठीच्या बायोडाट्याबद्दल बोलतोय. प्रभाग संघाला लेखापाल हवी असते, तालुक्याच्या डाळमिलमध्ये देखरेखीला कोणी हवं असतं, एखाद्या संस्थेला मसाला-लोणच्याचं प्रशिक्षण द्यायला जाणती बाई हवी असते. अर्जासोबत बायोडाटा मागतात. आणि आठ-आठ वर्षं धंदा चालवलेली ताई 'अनुभव' या रकान्यात लिहिते 'नाही', 'व्यवसाय' या रकान्यात लिहिते 'गृहिणी'.

गृहिणी असण्यात कमीपणा नाही. पण मिरची कधी आणि कुठून घ्यायची, उधारी कोणाला द्यायची, कांडपवाल्याशी भाव कसा करायचा, हे ज्या बाईला रोज ठरवावं लागतं तिला अनुभव नाही असं कोण म्हणेल? कागदावर आलंच नाही तर समोरच्याला कळणार कसं? सहा महिने दुकानात काउंटर सांभाळलेल्या मुलीचा अर्ज तुमच्या वर जातो, कारण तिने ते लिहिलेलं असतं.

लिहायला बसण्याआधी उधारीची वही, गटाचं पासबुक, जुनी बिलं, प्रदर्शनात मिळालेलं प्रमाणपत्र, सगळं समोर घ्या. धंदा नक्की कधी सुरू केला ते आठवत नसेल तर पहिलं कर्ज कधी उचललं ते पासबुकात बघा. अंदाजाने 'दहा वर्षे' लिहिण्यापेक्षा '2017 पासून' हे खरं आणि वजनदार.

आता मांडणी. 'मी शेवया-पापड करते' एवढ्याने भागत नाही. समजा एक ताई उन्हाळ्याचे 13 आठवडे शेवया करते, आठवड्याला 40 किलो. म्हणजे हंगामात 520 किलो. किलोला 140 रुपये धरले तर 72,800 रुपयांची विक्री. रवा, मजुरी, वीज, पॅकिंग मिळून 49,000 गेले, तर हातात राहिले 23,800. तिने असं लिहावं :

'स्वतःचा शेवया उद्योग, 2017 पासून. हंगामात सुमारे 520 किलो उत्पादन, सुमारे 72,000 रुपयांची विक्री. दोन महिलांना हंगामी काम. कच्च्या मालाची खरेदी, दर ठरवणे, विक्री आणि हिशेब ही सर्व जबाबदारी माझी. तालुक्यातील तीन किराणा दुकानांना नियमित पुरवठा.'

पाच ओळी. पण वाचणाऱ्याला कळतं की या बाईला माणसं सांभाळता येतात, पैसे हाताळता येतात आणि माल वेळेवर पोचवता येतो. विक्रीच्या आकड्याला नफा म्हणू नका हं. मुलाखतीत 'खर्च जाऊन किती उरतात?' असं विचारलं की गडबड होते. नफा बायोडाट्यात लिहायची गरज नाही, तो तोंडपाठ मात्र हवा.

हुद्दा कोणता लिहायचा, हे पुष्कळ जणी विचारतात. 'मॅनेजिंग डायरेक्टर' नको. घरच्या पडवीत चालणाऱ्या धंद्याला ते शोभत नाही आणि वाचणारा हसतो. सरळ 'मालक' किंवा 'उद्योजिका' लिहा. धंदा गटाचा असेल तर 'मालक' लिहू नका. 'गटाच्या मसाला उद्योगात सदस्य, खरेदी व हिशेबाचे काम माझ्याकडे' असं लिहा. दहा जणींचं काम एकीच्या नावावर गेलं तर गटात कुरबुर होते, आणि ते खोटंही आहे.

परवाना नवऱ्याच्या नावावर आणि काम सगळं तुमचं, असंही असतं. तेव्हा 'कुटुंबाचा दूध व्यवसाय, दैनंदिन व्यवस्थापन माझ्याकडे' असं लिहा. पुढच्यासाठी मात्र तुमच्या स्वतःच्या धंद्याची उद्यम नोंदणी तुमच्या नावाने करून घ्या. ती सरकारी पोर्टलवर मोफत होते. खाण्याचे पदार्थ विकत असाल तर अन्न सुरक्षा नोंदणीचा 14 अंकी क्रमांकही बायोडाट्यात टाका. हे दोन क्रमांक असले की धंदा नुसता सांगण्यावर राहत नाही.

धंदा बंद पडला असेल तर लपवू नका. '2015 ते 2020' लिहा आणि पुढे जा. कारण विचारलं तर सांगता येतं. पाच वर्षं चालवलेला धंदा बंद पडला म्हणून त्यात शिकलेलं काही जात नाही.

सगळ्यात जास्त घोळ नावाचा. दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, पॅनवर तिसरंच काहीतरी. बायोडाट्यात आधारवर आहे तेच नाव वर लिहा, खाली 'माहेरचे नाव' अशी ओळ द्या, आणि विवाह नोंदणीचा दाखला जवळ ठेवा. निवड होऊनही कागदांवरच्या नावावरून काम अडू शकतं. आधार क्रमांक, बँक खातं, रास, उंची यातलं काहीच बायोडाट्यात नको. जातीचा उल्लेख अर्जात मागितला असेल तरच, आणि तोही अर्जात. शिक्षण सातवी असेल तर सातवीच लिहा, पण ते शेवटी. धंद्याचा अनुभव वर.

ओळखीच्या दोघांची नावं द्यायची असतात. त्यात सासरे किंवा दीर नकोत. तुमच्याकडून माल घेणारा दुकानदार, गटाच्या सीआरपी ताई, बँकेचे साहेब, असे लोक हवेत. आधी त्यांना विचारा. 'तुमचं नाव दिलंय, फोन आला तर सांगाल ना?' एवढं म्हटलं तरी पुरे.

बायोडाटा एका पानाचा असावा. टाइप करता येत नसेल तर सुवाच्य हाताने लिहिला तरी चालतो. लिहून झाल्यावर गटातल्या एकीला वाचायला द्या. तुम्ही विसरलेली दोन कामं ती लगेच सांगेल.

आणि मोबाईल नंबर तुमचाच द्या, घरच्यांचा नको. मुलाखतीचा फोन मुलाच्या मोबाईलवर आला, 'आई रानात गेलीय' म्हणून त्याने ठेवून दिला, आणि संध्याकाळी सांगायचं विसरला, असं झालं तर पुन्हा फोन येईलच असं नाही. स्वतःचा मोबाईल नसेल तर ग्रामसंघाच्या लिपिका ताईंचा नंबर द्या, त्यांना विचारून.